बीए सोशॉलॉजी (समाजशास्त्र), सरकारी विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजातून: तीन वर्षं करून झाल्यावर

बहिणीच्या मैत्रिणीने परवा विचारलं, ताई, मी आर्ट्सला आहे, सोशॉलॉजी घेऊ का, नंतर काय स्कोप आहे. व्हॉइस नोट करायला घेतली तर संपेचना, म्हणून नीट लिहूनच काढते, अजून कुणाला लागलं तर उपयोगी पडेल. मी जुन्या तीन वर्षांच्या पॅटर्नमधली आहे, आता चार वर्षं आणि मेजर-मायनर वगैरे आलंय, त्यामुळे पेपरांची नावं इकडची तिकडे झाली असतील पण विषय तोच.

आधी पैशाचं. माझ्या वेळी वर्षाची फी सहा-सात हजारांच्या आसपास होती, पेपर मराठीतून लिहिता येत होता, आणि हे दोन्ही नसतं तर मी शिकलेच नसते. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. म्हणून सरकारी विद्यापीठांना कुणी सरसकट नावं ठेवली की मला राग येतो.

आता शिकवणं. एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, म्हणजे नुसत्या नोट्स. सर सांगणार, आपण उतरवणार. एकेका समाजशास्त्रज्ञाचं ठरलेलं उत्तर, घुर्ये म्हटलं की जातीची सहा वैशिष्ट्यं, श्रीनिवास म्हटलं की संस्कृतीकरण (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं), दुर्खीम म्हटलं की आत्महत्येचे प्रकार, पाठ करा आणि शंभर मार्कांच्या पेपरात ओता. मार्क पडतात, मलाही पडले. पण घुर्ये मालवणचे, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा सोशॉलॉजी विभाग त्यांनी सांभाळला (विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिसने सुरू केलेला), इरावती कर्वे, श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही, एसवायला लायब्ररीत सापडलं. हा विषय आपल्याकडच्याच माणसांनी उभा केलाय हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पहिल्या बाकावर बसले असते.

मराठी पुस्तकांचा प्रॉब्लेम खरा आहे. भाषांतर इतकं जड की इंग्लिश शब्दच सोपा वाटतो, आणि एकाच संकल्पनेला दोन पुस्तकांत दोन वेगळे शब्द. मी शेवटी मागच्या पानावर यादी करत गेले, इंग्लिश शब्द, मराठी शब्द, आणि समोर आमच्या गल्लीतलं एक उदाहरण. तुम्हीही करा, टीवायला फार कामाला येते.

एसवायला मात्र एक मॅडम आल्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, आणि सगळं बदललं. नातेसंबंध शिकवताना त्यांनी फळ्यावर त्रिकोण आणि गोल काढले, त्रिकोण पुरुष, गोल बाई, आणि म्हणाल्या आता आपापल्या घरचं काढा, आजीपर्यंत. मग विचारलं, मुलाला मामाची मुलगी चालते, मग आत्याची का नाही चालत? वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका, कुणी म्हणालं आमच्यात दोन्ही चालत नाही, कुणी म्हणालं आमच्यात चालते की, एकीच्या आईवडिलांचंच लग्न तसं झालेलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी इरावतीबाईंचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं १९५३ चं काम काढलं, उत्तरेत अशी नात्यातली लग्नं चालत नाहीत, दक्षिणेत चालतात, आणि महाराष्ट्र त्या दोन्हींच्या मधे कसा बसतो ते दाखवलं. त्याच आठवड्यात बाबासाहेबांचा १९१६ चा कोलंबियातला जातीवरचा निबंध आणला, लग्न जातीतल्या जातीत ठेवणं हेच जातीचं मूळ, हे ते तेव्हा म्हणाले, पंचविशीत. मी घरी गेले आणि मावशीने मांडीवर ठेवलेला स्थळांचा रजिस्टर वेगळ्याच नजरेने बघितला.

त्या मॅडमना वर्षाच्या शेवटी पुढची ऑर्डर मिळाली नाही. तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा, सुट्टीचे नाहीत. आमच्या कॉलेजबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

टीवायचं प्रोजेक्ट. ह्याच्यासाठीच हा विषय घ्या. मी स्टेशनजवळचा मजूर नाका घेतला. बावीस प्रश्नांची प्रश्नावली टाइप करून सकाळी सातला गेले, गवंडी थापी घेऊन, पेंटर पिशवीत रोलर घेऊन, बिगारी रिकाम्या हाताने. पहिल्याच मावशींना विचारलं आपले मासिक उत्पन्न किती, त्या गप्पच झाल्या आणि तोंड फिरवलं. महिन्याचं उत्पन्न असतंच कुठे, रोजची हजेरी असते, ती पण मिळाली तर. दुसऱ्या दिवशी कागद बॅगेतच ठेवला, त्यांच्याजवळ बसले, चहा घेतला. चार-पाच दिवसांनी दिसायला लागलं की एका तालुक्याची माणसं एकत्र उभी राहतात, बायका मेडिकलच्या बंद शटरसमोर वेगळ्या, दहाला शटर उघडलं की त्यांना उठावं लागतं, आणि दहानंतर तसंही काम मिळत नाही, मग डबा तसाच घेऊन घरी. स्तरीकरणाचं, म्हणजे समाजातल्या उतरंडीचं, अख्खं चॅप्टर मला त्या शटरसमोर कळलं. मावशी म्हणाल्या, मुकादम बाईला अर्ध्या कामाची समजतो, पाट्या तर तेवढ्याच उचलते मी. हे वाक्य मी जसंच्या तसं रिपोर्टमध्ये लिहिलं.

नोकरीचं थोडक्यात: नुसत्या बीएवर थेट नोकरी अवघड आहे, पुढे एमए आणि सेट-नेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा) किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करावं लागतं. यूपीएससीला ऑप्शनल म्हणून आहे, दोन पेपर, ५०० मार्क. मी सध्या एका संस्थेत सर्व्हेचं काम करते, लोकांशी कसं बोलायचं हे त्या नाक्यावर शिकले तेच रोज वापरते.

पाचपैकी माझे साडेतीन. विषयाला पाच देईन, शिकवण्याच्या व्यवस्थेमुळे दीड कापला.

ॲडमिशनच्या आधी डिपार्टमेंटमध्ये स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारा, पर्मनंट शिक्षक किती, सीएचबी किती, आणि प्रोजेक्ट खरंच बाहेर जाऊन करायला लावतात का मागच्या वर्षीचं कॉपी केलेलं चालतं. जमलं तर टीवायच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा, त्या खरं सांगतात.