जालना रोडच्या वेळेचा भरवसा: जीपीएसच्या नोंदी की मॉडेल?

छत्रपती संभाजीनगरातील जालना रोडने क्रांती चौकातून चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे कामगारांच्या बस सोडायच्या असतील, तर सरासरी किती वेळ लागतो एवढे विचारून भागत नाही. समजा, एका मार्गाची सरासरी 20 मिनिटे आहे, पण 20 पैकी 19 फेऱ्या वेळेत पोहोचायच्या तर 40 मिनिटे हाताशी ठेवावी लागतात. दुसऱ्याची सरासरी 25 असली तरी तेवढ्याच फेऱ्या 29 मिनिटांत पोहोचतात. हजेरीचे यंत्र सरासरी पाहत नाही, तेव्हा शिफ्टसाठी दुसरा मार्गच बरा. 20 पैकी 19 फेऱ्या ज्या वेळेत पोहोचतात, त्या वेळेला वाहतूक अभियंते 95 वे शततमक म्हणतात. ते काढायच्या दोन पद्धती आहेत: जीपीएसच्या नोंदी आणि संगणकावरचे मॉडेल.

बसमधील जीपीएसच्या नोंदी स्वस्त पडतात, आणि मध्येच थांबणाऱ्या रिक्षांचा परिणामही त्यांत आपोआप उतरतो. मात्र महिन्याभराच्या वीस-बावीस सकाळच्या फेऱ्या चढत्या क्रमाने मांडल्या, तर हे शततमक शेवटच्या एक-दोन दिवसांवरच टांगलेले असते. त्या दिवशी मोंढा नाक्याजवळ वरात आडवी आली असेल, तर वर्षभराचे वेळापत्रक त्या वरातीवर बेतले जाते. म्हणून पावसाळा, गणेशोत्सव आणि लगीनसराई धरून वर्षभराच्या नोंदी हव्यात. शिवाय चौकाचौकांची शततमके काढून त्यांची बेरीज करू नये, कारण सगळे चौक एकाच दिवशी तुंबतातच असे नाही. सरासरीची बेरीज चालते, शततमकांची नाही.

दुसरी पद्धत मॉडेलची, म्हणजे रस्त्यांची क्षमता काढण्याच्या अमेरिकी मार्गदर्शिकेची, हायवे कपॅसिटी मॅन्युअलची (एचसीएम). 2016 च्या सहाव्या आवृत्तीतील शहरी रस्त्यांच्या पद्धतीत पाऊस, रहदारीतील चढउतार, अपघात आणि रस्त्याची कामे यांचे वर्षभराचे प्रसंग संगणकावर रचून प्रत्येकातील प्रवासवेळ काढला जातो. सिग्नलची वेळ बदलली किंवा रस्ता खोदला तर काय होईल, हे आधी सांगण्याची सोय नोंदींत नाही, ती इथे आहे. अडचण लेनची: ही पद्धत वाहने लेनमध्ये राहतात असे धरते, पण आपल्याकडे लाल दिवा लागला की दुचाक्या मोटारींच्या फटींतून पुढे येतात आणि हिरवा लागताच घोळक्याने सुटतात. त्यामुळे चौकाची क्षमता तिथेच उभे राहून मोजावी, किंवा निदान संमिश्र वाहतुकीसाठी केलेल्या 2017 च्या इंडो-एचसीएमचा, म्हणजे त्याच धर्तीच्या भारतीय मार्गदर्शिकेचा, आधार घ्यावा.

आहे त्या रस्त्यावर वेळापत्रक लावायचे असेल, तर माझे मत नोंदींना. बदल प्रस्तावित असेल तर मॉडेल घ्यावे. पण गेल्या पावसाळ्यातले वाईट दिवस त्याला नोंदींप्रमाणे दाखवता आले नाहीत, तर पुढच्या वर्षाचा त्याचा आकडा निविदेत घालू नये.