छोट्या गिटारला कुठला सेट? डी'ॲडारिओ ईजे २६ वापरून

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचायला नको. यामाहा एफएस ८०० सारखी बारीक कंबरेची, कॉन्सर्ट साइजची गिटार असेल आणि तुम्ही बोटांनी वाजवत असाल, तर डी'ॲडारिओ कंपनीचा ईजे २६ हा तारांचा सेट घ्या. फॉस्फर ब्राँझ धातूचा, कस्टम लाइट जाडीचा, ११ ते ५२, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. पिक (तारा छेडायची छोटी चकती) घेऊन दणादण स्ट्रमिंग करणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, त्यामुळे पाकिटावरचे आकडे मला नुसते वाचून सोडवत नाहीत. ११ चा सेट म्हणजे पहिली तार ०.०११ इंच, ०.२८ मिलिमीटर. बाराच्या सेटची पहिली तार ०.३० च्या आसपास. मध्ये फरक २५ मायक्रॉनचा. शाफ्टवर एवढा फरक निघाला तर आमच्याकडे माल परत जातो. गिटारवर निघाला तर बोटं बोलतात. तारेचा ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून सूर आणि लांबी तीच ठेवून १२ ची तार ११ केली की ताण १६ टक्क्यांनी उतरतो. बी मायनर कॉर्डचा बार धरा, म्हणजे एकाच बोटाने आडव्या तारा दाबा, लगेच कळेल. गंमत अशी की ईजे २६ मध्ये खर्जाला फारसा हात लावलेला नाही. ए आणि डी, म्हणजे पाचवी आणि चौथी, या तारा बाराच्या सेटमधल्याच, ४२ आणि ३२. सगळ्यात जाड तार ५३ ऐवजी ५२. वरच्या सुरांच्या तीन तेवढ्या बारीक केल्यात. त्यामुळे डावा हात सुखावतो आणि अंगठ्याखालचा आवाजही पोकळ होत नाही. दहाचा सेट लावला की नेमकं हेच बिघडतं: सगळंच पातळ होतं, आणि छोट्या डब्यात मुळात बेस कमी, तोही जातो.

हे सांगायचं कारण, मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत कुठल्याही दुकानात गेलात की ऐकायला मिळतं, 'गिटार छोटी आहे ना, मग दहाचा टाका.' हा सल्ला अर्धाच खरा. बघायचं डब्याच्या आकाराकडे नाही, स्केलकडे. म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजच्या (डब्यावर तारा अडकवायची पट्टी) हाडापर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याच्या लांबीकडे. एफएस ८०० ची ही लांबी ६३४ मिलिमीटर, तिच्याच मोठ्या बहिणीची, एफजी ८०० ची ६५०. फरक किरकोळ, तीच तार इथे साधारण पाच टक्के सैल लागते, बस्स. पण माझ्या भाच्याकडे टेलरची जीएस मिनी आहे, तिचं स्केल २३.५ इंच. तिच्यावर तीच तार मोठ्या गिटारपेक्षा जवळजवळ १५ टक्के ढिली पडते. म्हणून टेलर कंपनी त्या एवढ्याशा गिटारला चक्क १३ ते ५६ चा मीडियम सेट लावून देते. त्यावर दहाचा टाकलात तर खर्ज नुसता लोंबकळेल आणि जोरात वाजवला की सूर वर पळेल. तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी टेप लावा. नट ते बारावा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) मोजायचं आणि दुप्पट करायचं.

आता आवाज. आमचा इंदिरानगरचा भावगीतांचा ग्रुप आहे. पेटी, तबला आणि कोपऱ्यात मी. गाणारे काळी एकमध्ये गातात, म्हणजे कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि सी च्या घरातली कॉर्ड्स. पेटी सुरू झाली की गिटारचा मधला भाग तिच्यात बुडतो. एटी-ट्वेंटी ब्राँझ, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, लावलं तेव्हा पहिल्या आठवड्यात आवाज खणखणीत, पेटीवरून ऐकू यायचा. मग एकदम बसला. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. ही तार १९७४ मध्ये डी'ॲडारिओनेच गिटारसाठी बाजारात आणली. सुरुवातीची चमक हिच्यात थोडी कमी, पण ती सावकाश उतरते आणि खाली एक उबदार गोलाई राहते. माझ्या हाताला घाम येतो, त्यात कारखान्यातलं कूलंट; तरी दीड-दोन महिने सेट बरा वाजतो.

कोटिंगवाला एलिक्सर नॅनोवेबही वापरलाय. टिकतो भरपूर, बोट सरकताना किरकिर होत नाही, पावसाळ्यात तर फारच सोयीचा. पण एका पाकिटाच्या पैशात ईजे २६ ची दोन येतात आणि स्पर्श जरा साबणासारखा वाटतो. ज्यांना तारा बदलायचा कंटाळा आहे त्यांनी तोच घ्यावा. मार्टिनचा सिल्क अँड स्टील हा वेगळाच प्रकार: तारेच्या गाभ्यावर रेशमासारखे धागे आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा वेढा. लोण्यासारखा मऊ. एकट्याने रात्री वाजवायला छान, पेटीसमोर मात्र पार गप्प.

आणि एक स्वस्त सेट, नाव नाही घेत. पाकिटावर ११ लिहिलंय, पहिली तार मायक्रोमीटरवर बरोबर ०.२८. पण पाचवी तार एका टोकाला १.०४ आणि मध्यावर १.०८! वेढाच सगळीकडे सारखा नाही. अशी तार मोकळी सुरात लावा, बाराव्या फ्रेटवर दाबलीत की बेसूर. खुंट्या पिळून काही उपयोग नाही. ईजे २६ च्या वेढ्याच्या तारा मी तीन-तीन ठिकाणी मोजल्या, काटा हलला नाही म्हणा ना.

लावताना एवढं बघा. बाराचा काढून अकराचा लावलात की मानेवरची ओढ कमी होते, मान किंचित मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरायला लागतात. दोष तारांचा नाही. पहिल्या फ्रेटवर कापो, चौदाव्यावर बोट, आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवा: पाव मिलिमीटर फट हवी. कमी असेल तर साउंडहोलमधून एलन की घालून ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करायचा, दिवसभर थांबायचं, पुन्हा बघायचं. जोर लावायचा नाही. आपल्याकडे श्रावणात लाकूड फुगतं आणि मार्चपासून कडक वाळतं, तेव्हा वर्षातून दोनदा हे तपासलेलं बरं.

पाकिटात तारांना वेगळे कागदी लिफाफे नसतात. टोकाच्या मण्यांचा रंग बघून ओळखायच्या. पितळी सहावी, लाल पाचवी, काळी चौथी, हिरवी तिसरी, जांभळी दुसरी, चंदेरी पहिली. संध्याकाळच्या उजेडात हिरवा आणि काळा सारखाच दिसतो, हे मला आवडलेलं नाही.

दुकानात 'डी'ॲडारिओचा फॉस्फर ब्राँझ द्या' एवढंच म्हणालात तर बहुतेक ईजे १६ हातात पडेल, तो बाराचा. आपल्याकडे तोच जास्त खपतो. २६ मागा, आणि पैसे देण्याआधी पाकिटावर ११-५२ वाचून घ्या.