मिनीलॉग एक्सडी : आवाज जुना का नवा, ते इफेक्टच ठरवतंय

कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग एक्सडी हा सिंथ (आवाज स्वतः घडवायचा कीबोर्ड) घेऊ का असं इथली कीबोर्डवाली पोरं सारखी विचारतात, म्हणून एकदाचं लिहितो. आमच्या बेळगाव-निपाणीकडं गणपतीत ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्या बहुतेकांकडं अरेंजर कीबोर्ड असतोय, बटण दाबलं की टोन तयार, त्यामुळं सिंथ म्हटलं की सगळे आधी ॲनालॉग (आवाज थेट सर्किटातनं काढणारा) हाय का, ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) किती हेच विचारतात. पण माझं मत पक्कं झालंय, आवाज ऐंशीतला वाटतो का आजचा हे निम्म्याहून जास्त इफेक्टवर, म्हणजे आवाजावर वरनं चढवलेल्या प्रक्रियेवर हाय.

एक्सडीवर करून बघा की. साधा सॉ वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा) पॅड, म्हणजे लांब धरायचा मऊ आवाज घ्या, सगळे इफेक्ट बंद, आवाज कोरडा, पातळ, कुठल्याच काळातला नाही. आता नुसता कोरस (आवाज जाड, रुंद करणारा इफेक्ट) लावा, थेट १९८४ चा रोलंड जुनो-१०६ सिंथ आठवतो, कारण त्यात प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर होता आणि ती रुंदी सगळी कोरसच्या दोन बटणांतनं यायची, आतली बीबीडी चिप सिग्नल जरा उशिरा सोडायची, तो उशीर कमीजास्त होत राहिला की सूर किंचित वरखाली व्हायचा आणि मूळ आवाजात मिसळून जाड वाटायचा. एन्सेम्बल (कोरसचाच दाट प्रकार) लावला तर आणखी मागं, सत्तरच्या दशकातल्या सोलिना कीबोर्डच्या स्ट्रिंग्जकडं (व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज). फक्त जुन्या कोरसला बारीक सूं असायची, इथला डिजिटल कोरस फारच स्वच्छ हाय, मी फिल्टरचा कटऑफ जरा खाली घेतो, म्हणजे वरचा तीक्ष्णपणा कापतो, मग बरं जुळतं.

मग तोच पॅड, कोरस बंद, लांब रिव्हर्ब (हॉलसारखी घुम) आणि टेम्पोला बांधलेला डिले (प्रतिध्वनी). एकदम आजचा! १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ सिंथमध्ये एकही इफेक्ट नव्हता, स्टुडिओत बाहेरनं लावायचे, १९८७ चा रोलंड डी-५० आणि १९८८ चा कॉर्ग एम-१ आले तसा रिव्हर्ब कीबोर्डच्या आतच मिळायला लागला. एक्सडीत मॉड्युलेशन (कोरस, एन्सेम्बल यातच येतात), डिले, रिव्हर्ब तिन्ही एकदम चालतात, प्रत्येक टोनसोबत सेव्ह होतात, वर कॉम्प्युटरवरनं नवे इफेक्टसुद्धा टाकता येतात, हे मला सगळ्यात आवडलं.

अडचणी पण सांगतो. एका वेळी चारच सूर वाजतात, मोठा कॉर्ड (एकदम चारपेक्षा जास्त सूर) धरला की आधीचा सूर तुटतो, रिव्हर्बमध्ये ते झाकलं जातं पण कोरड्या आवाजात लगेच कळतं. ३७ कीज, त्याही बारीक. तिन्ही इफेक्टना नॉब तेच, स्विच बदलत बसायचं, स्टेजवर घाई होते.

मंगल कार्यालयात वाजवणार असाल तर रिव्हर्ब अगदी कमी ठेवा, हॉल आधीच घुमतोय. आणि मिक्सरवाल्या दादांना दोन्ही लाइन द्या, डावी-उजवी पॅन करायला सांगा, मोनोत (एकाच लाइनीत) कोरसची रुंदी जाते. स्वस्तात मिळतोय म्हणून २०१६ चा पहिला मिनीलॉग मात्र उचलू नका, त्याला आउटच मोनो हाय आणि इफेक्टमध्ये फक्त डिले.