ग्रॅम स्टेन किट आणि बारा खड्ड्यांची स्ट्रिप: अननोन नंबर सातने आमचा केलेला पोपट

टी.वाय.ला मायक्रो घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून ज्यांचं प्रॅक्टिकल तोंडावर आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडे 'अननोन' असतो, म्हणजे मॅडम नंबर टाकलेला एक स्लँट, म्हणजे तिरप्या अगारवर जिवाणू वाढवलेली नळी, हातात देतात आणि म्हणतात, सांगा आता यात कोण बसलंय. कॉलेजची स्टेन्स संपत आलेली, सॅफ्रॅनिनच्या, म्हणजे गुलाबी स्टेनच्या, बाटलीत तर खाली गाळ बसलेला, म्हणून आम्ही तिघींनी वर्गणी काढून ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या. एक ग्रॅम स्टेनचं (जिवाणू रंगवायचे, जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्रॅम निगेटिव्ह) रेडीमेड किट, शंभर-शंभर मिलीच्या चार बाटल्या, आणि एक बारा खड्ड्यांची बायोकेमिकल स्ट्रिप, जिच्या प्रत्येक खड्ड्यात जिवाणूची एकेक रासायनिक चाचणी होते. कंपनीचं नाव नाही लिहीत, कारण निम्मी चूक आमची आहे.

पार्सल चार दिवसांत आलं पण क्रिस्टल व्हायोलेटच्या बाटलीचं झाकण सैल, आतला अख्खा पुठ्ठा जांभळा. माझ्या बोटांवरून तो रंग तीन दिवस गेला नाही, घरी आजी म्हणाली जांभळं कुठं मिळाली गं या दिवसांत. आत एक माहितीपत्रक होतं, अर्धं भिजलेलं पण वाचता येत होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्याच कागदावरून झालाय.

कागदावर लिहिलेलं: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, डीकलरायझर (रंग काढणारं द्रावण) अर्धा मिनिट, सॅफ्रॅनिन एक मिनिट. आम्ही मोबाइलवर टायमर लावून अगदी इमानदारीत केलं. पण बाटलीत डीकलरायझर होतं अॅसिटोन-अल्कोहोल. नुसत्या 95 टक्के अल्कोहोलने दहा-पंधरा सेकंदांत काम होतं, अॅसिटोन घातलेलं त्याच्यापेक्षा बरंच भरभर रंग काढतं, त्याला अर्धा मिनिट म्हणजे भात लागेपर्यंत गॅसवर ठेवण्यातला प्रकार. ग्रॅम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते म्हणून व्हायोलेट-आयोडीन आत अडकून राहतं, हे जर्नलमध्ये आपण सगळेच लिहितो, पण ती भिंत जुन्या पेशींची खिळखिळी होते आणि मग रंग सुटतो हे मात्र व्हायवाला विचारलं तरच आठवतं. आणि आमचं कल्चर (वाढवलेले जिवाणू) जुनंच होतं, शनिवारी संध्याकाळी लावलं, रविवारी कॉलेज बंद, सोमवारी दुपारी उघडलं.

मायक्रोस्कोपखाली काय दिसलं, तर गुलाबी रॉड. मधेच दोन-चार जांभळे, आणि काही रॉडच्या पोटात लंबगोल रिकामी जागा, पांढरी, जिथे रंगच चढला नव्हता. आम्ही म्हटलं स्मिअर (काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर) जास्त तापला असेल. गुलाबी रॉड म्हणजे ई. कोलाय नाहीतर त्याचा कोणीतरी चुलतभाऊ, असं ठरवून टाकलं. मॅककॉन्कीची प्लेट (जिच्यावर ई. कोलायसारखे ग्रॅम निगेटिव्हच उगवतात) कोरीच्या कोरी होती, त्यावर म्हटलं लूप (जिवाणू उचलायचं तारेचं कडं) गरम असतानाच टेकवला असेल. न्यूट्रिअंट अगारच्या साध्या प्लेटवर मोठ्या, कोरड्या, कडा फाटलेल्या पांढऱ्या कॉलनी (जिवाणूंचे पुंजके) समोर दिसत होत्या, त्यांच्याकडे तर कोणी बघितलंच नाही. तीन जणी, सहा डोळे.

मग स्ट्रिप. वापरायला खरंच सोपी आहे. सलाइनमध्ये कॉलनी कालवून गढूळपणा मॅकफार्लंड 0.5 या ठरलेल्या नमुन्याला जुळवायचा, प्रत्येक खड्ड्यात पन्नास मायक्रोलिटर, 37 डिग्रीला रात्रभर, दुसऱ्या दिवशी काही खड्ड्यांत रिएजंटचे थेंब आणि सोबतच्या तक्त्यावर रंग जुळवायचे. इंडोल निगेटिव्ह, व्हीपी म्हणजे व्होगेस-प्रॉस्कर पॉझिटिव्ह (इथे आल्फा-नॅफ्थॉल आणि पोटॅश, म्हणजेच के.ओ.एच., घातल्यावर पाच मिनिटांत निकाल देऊ नका, थांबा, गुलाबी रंग सावकाश येतो), सिट्रेट हिरव्याचं मस्त निळं. मिथाइल रेड आम्ही वेगळं ट्यूबमध्ये केलं, निगेटिव्ह. म्हणजे आयएमव्हिक (इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी, सिट्रेट या चार चाचण्या, याच क्रमाने) मायनस मायनस प्लस प्लस, पुस्तकात एन्टेरोबॅक्टर एरोजेनिसपुढे जसं छापलेलं असतं तसंच्या तसं. लायसीन आणि ऑर्निथिनचे खड्डे जुळत नव्हते, ते आम्ही 'स्ट्रेन व्हेरिएशन' म्हणून सोडून दिले आणि चहाला गेलो.

पोपट केला लॅबच्या मामांनी. मॅडम नाहीत, लॅब असिस्टंट मामा, जे आमच्या जन्माआधीपासून त्या लॅबमध्ये मीडिया बनवतात. प्लेटी ऑटोक्लेव्हला न्यायला आले आणि मॅककॉन्की हातात धरून म्हणाले, "पोरींनो, हिच्यावर काय उगवलंच नाही आणि तुमचा एन्टेरोबॅक्टर कुठनं आला?"

मग त्यांनीच काचेवर तीन टक्के के.ओ.एच.चे दोन थेंब टाकले, कॉलनी त्यात घोटली आणि लूप वर उचलला. काही नाही, पाण्यासारखं. शेजारच्या थेंबात ई. कोलाय घोटला, अर्ध्या मिनिटात पाकाला तार यावी तशी तार लूपला लागून वर आली. ग्रॅम निगेटिव्हची पातळ भिंत पोटॅशने फुटते, आतला डीएनए बाहेर येतो, त्याची ती तार. पॉझिटिव्हची भिंत टिकते म्हणून तार नाही. खर्च म्हणाल तर दोन थेंबांचा, आणि आमचं सगळ्यात महागडं किट तिथेच खोटं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं, सोळा-सतरा तासांचं कल्चर घेतलं, स्लाइड तिरपी धरून डीकलरायझर थेंबाथेंबाने सोडलं आणि खालून रंग वाहायचा थांबला की लगेच पाणी, जेमतेम पाच सेकंद. सगळे जांभळे, आगगाडीच्या डब्यांसारख्या साखळ्या. मग जुन्या प्लेटवरच्या स्मिअरवर मॅलाकाइट ग्रीन घालून पाच मिनिटं वाफेवर, वरून सॅफ्रॅनिन, आणि आधी जिथे पांढरी रिकामी जागा दिसत होती तिथे हिरवे स्पोअर (जिवाणूची टणक, सुप्त बीजं). बॅसिलस, म्हणजे स्पोअर करणारा ग्रॅम पॉझिटिव्ह रॉड! स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं तर कॉलनीभोवती स्वच्छ रिंगण, म्हणजे तिथला स्टार्च त्याने पचवलेला. बॅसिलस सबटिलिस लिहिलं, मॅडमच्या चिठ्ठीतही तेच निघालं. आणि हो, बॅसिलस सबटिलिसचं आयएमव्हिकही मायनस मायनस प्लस प्लसच येतं, म्हणून तर फसलो.

आता किटबद्दल. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन चांगलं आहे, गाळ नाही, रंग दाट. सॅफ्रॅनिन ठीक. डीकलरायझर चांगलं आहे पण त्याच्याबरोबरचा कागद फेकून द्या, तो साध्या अल्कोहोलसाठी लिहिलेला उचलून छापलाय असं माझं मत. त्याच स्लाइडवर एका टोकाला स्टॅफिलोकोकस (हा ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय लावा, मधे तुमचा अननोन, स्टॅफ गुलाबी दिसला की समजायचं हात जास्त चालला. कस्टमर केअरला मेल टाकला होता, उत्तर आलं की सूचना काळजीपूर्वक वाचा. अहो वाचूनच तर केलं! स्टेन किटला अडीच स्टार.

स्ट्रिपला चार. तिची चूक नाही, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की ही ग्रॅम निगेटिव्ह रॉडसाठी आहे, आपण आत काय ओतलंय हे तिला कुठून कळणार. एक स्टार कापला तो कोव्हॅकच्या रिएजंटसाठी, आलं तेव्हाच तपकिरी पडलेलं होतं, पिवळसर असायला हवं, आम्ही इंडोलसाठी कॉलेजमधलं वापरलं. परत मागवताना पॅकिंगची तारीख विचारून घ्या.

शिल्लक डीकलरायझर अजून पाऊण बाटली आहे, मामांनी त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात '5 सेकंद' लिहून ठेवलंय.