ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू का, ईएससी बंद करू का, की हात लावू नको? घाट, चिखल आणि ओल्या रस्त्याचा हिशोब

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो, की घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ते बटण नक्की कधी दाबायचं. माझं मत आधीच सांगतो. चाकं डांबरावर किंवा काँक्रीटवर आहेत आणि गाडी चालत्या वेगात आहे, मग तो ताम्हिणी असो, बोरघाट असो, कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार असो की एक्सप्रेसवे, तिथे त्या बटणाला हात लावायचा नाही. गाडी चिखलात रुतून जागच्या जागी चाकं फिरवतेय आणि पुढेच सरकत नाहीये, तेव्हा मात्र बटण उपयोगाचं आहे, पण त्यातसुद्धा थोडं आणि जास्त असा फरक आहे आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

घोळ होतो कारण एका बटणामागे दोन वेगळी कामं आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांच्याकडे बघतं, त्यातलं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं की इंजिनची ताकद कमी करतं किंवा त्या एकट्या चाकाला ब्रेक लावतं. म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दिल्यावर होणारी घसरण. ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, त्याच्या पुढचं आहे, ते बघतं की तुम्ही स्टेअरिंग जिकडे वळवलंय तिकडे गाडी खरंच चाललीय का. त्यासाठी स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर, चारही चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि गाडी स्वतःभोवती किती वळतेय ते मोजणारा सेन्सर असतो. समजा ताम्हिणीत उजवं वळण आहे, पाणी वाहतंय, तुम्ही स्टेअरिंग वळवलं पण गाडी सरळ दरीकडेच निघाली, तर ईएससी मागचं उजवं चाक धरतं आणि नाक आत ओढतं. उलटं झालं, म्हणजे मागचा भाग सुटून गाडी फिरायला लागली, तर पुढचं डावं चाक धरून तिला सरळ करतं. माणूस कितीही मुरलेला ड्रायव्हर असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच आहे, एकच चाक वेगळं धरणं त्याला शक्यच नाही, म्हणून "मी वीस वर्षं घाटात गाडी चालवतोय, मला हे नको" हे म्हणणं मला पटत नाही.

नावांनी गोंधळू नका, मारुतीत ईएसपी, टोयोटात व्हीएससी, होंडात व्हीएसए, ह्युंदाईत ईएससी, काम तेच.

या गोष्टीबद्दल मी एवढं ठामपणे का बोलतोय तेही सांगतो. बॉश आणि मर्सिडीजने ही सिस्टिम १९९५ मध्ये एस क्लासमध्ये आणली, तेव्हा ती महागड्या गाडीची चैन वाटत होती. मग १९९७ मध्ये मर्सिडीजचीच छोटी ए क्लास एका स्वीडिश मासिकाच्या टेस्टमध्ये, अचानक समोर प्राणी आल्यावर मारतात तसा कट मारताना उलटली, आणि त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीत ईएसपी सरसकट द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात दिसलं की एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीने जवळपास निम्म्यावर येतो. एकटीच गाडी म्हणजे कुणी धडक दिलेली नाही, गाडी आपणहून रस्ता सोडून गेली. आपल्या घाटांमध्ये भीती असते ती नेमकी याच अपघाताची. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरपासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी टेस्ट, सुरू झालं, त्यात तीन स्टार किंवा जास्त हवे असतील तर ईएससी लागतंच.

आता एकेक परिस्थिती घेऊ, कुठे चालू आणि कुठे बंद.

ओला घाट, सगळं चालू विरुद्ध ट्रॅक्शन बंद. इथे बंद करून मिळतं काय, तर काहीच नाही. हेअरपिनमधून बाहेर पडताना जरा जास्त ॲक्सिलरेटर पडला तर आतल्या बाजूचं चाक फिरतं, ट्रॅक्शन कंट्रोल ते तिथल्या तिथे दाबतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. लोकांना वाटतं गाडीने दम सोडला, पिकअप गेला. तसं नाहीये, त्या क्षणी त्या चाकाखाली तेवढीच पकड होती. क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ एनसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे चाक फिरलं की गाडीचा मागचा भागच बाजूला निघतो. पहिल्या एकदोन पावसांत, जेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो, तेव्हा तो दिवा लुकलुकला तर त्याचा अर्थ साधा आहे, वेग कमी करा.

आणि ईएससी पूर्ण बंद करून घाटात, किंवा लवासाच्या मोकळ्या रस्त्यावर मजा म्हणून? नाही. मला याला दुसरी बाजूच दिसत नाही. वळणाच्या पलीकडे म्हैस बसलेली असते, दुचाकीवर तिघं असतात, धबधब्याखाली रस्त्यात उभं राहून लोक फोटो काढत असतात, कट मारायची वेळ येणारच. पूर्ण बंद करायची जागा म्हणजे रेसिंगचा ट्रॅक किंवा चारी बाजूंनी बंद असलेलं मैदान.

आता चिखल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण पुणेकरांची गाडी अडकते ती बहुतेक इथेच. राजगडाला गुंजवण्यात, तोरण्याला वेल्ह्यात किंवा मुळशीकडच्या एखाद्या कृषी पर्यटनात पावसाळी रविवारी गाडी लावायला मिळतं ते शेत, सकाळी कडक वाटतं आणि दुपारपर्यंत त्याचा राडा झालेला असतो. निघताना ॲक्सिलरेटर दिला की पुढची दोन्ही चाकं फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोल लगेच ताकद कापतं, इंजिन घुसमटतं, गाडी तसूभरही हलत नाही. इथे सिस्टिम बरोबर असूनही अडथळा ठरते, कारण चिखलात चाक थोडं फिरायलाच लागतं, फिरलं की टायरच्या खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि खालची जरा घट्ट माती सापडते. तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. फक्त ट्रॅक्शन, बरं का. ह्युंदाई, किया, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबून सोडलं की ट्रॅक्शन बंद होतं आणि तीनएक सेकंद दाबून धरलं की ईएससीसुद्धा जातं, त्यामुळे दाबून धरू नका, गरज नाही. काही गाड्यांत बटणच नसतं, स्क्रीनच्या मेनूत शोधावं लागतं, ते घरी पार्किंगमध्ये उभं असताना शोधून ठेवा, चिखलात मुलं मागे रडत असताना नाही.

बंद केल्यावरसुद्धा रेस मारायची नाही. स्टेअरिंग सरळ, मॅन्युअल असेल तर सेकंड गिअर, हलका ॲक्सिलरेटर, थोडं पुढे थोडं मागे करत गाडीला झोका मिळू द्या. चाकाखाली मुरूम, दगडं, गाडीतली रबरी मॅट, जे मिळेल ते घाला, आणि मॅट घातली तर चाकाच्या रेषेत मागे कुणाला उभं करू नका, ती गोळीसारखी बाहेर येते. दोनतीनदा करून चाक खड्डाच खोदायला लागलं तर थांबा, गाडीचं पोट जमिनीला टेकलं की मग कुठलंच सेटिंग कामाचं नाही, ट्रॅक्टर बोलवा आणि टोचन लावून काढा. डांबरावर आलात की बटण परत दाबा. इंजिन बंद करून चालू केलं की बहुतेक गाड्यांत सगळं आपोआप परत चालू होतं, काही गाड्यांत ठरावीक वेगाच्या पुढेही होतं, पण त्याच्या भरवशावर घाट उतरायला लागू नका, दिवा गेला का बघा.

या चिखलाच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो ऑफरोडला नव्याने जाणाऱ्यांना उलटा शिकवला जातो. दोन्ही चाकं चिखलात फिरतायत तेव्हा बंद, हे बरोबर. पण एकच चाक फिरतंय, म्हणजे एक बाजू खड्ड्यामुळे हवेत लटकलीय किंवा ओल्या गवतावर आहे आणि दुसरी बाजू घट्ट मुरमावर आहे, तेव्हा चालूच ठेवायचं. कारण साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, ताकद सोप्या वाटेने जाते, हवेतलं चाक गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोरच मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल त्या गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, मग ताकद नाइलाजाने पलीकडच्या चाकाकडे जाते आणि गाडी वर चढते. फक्त त्याला दोनएक क्षण द्यावे लागतात. लोक काय करतात, कर्रर्र आवाज आला की घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात, सिस्टिमचं काम अर्धवट राहतं, आणि मग म्हणतात हिचा उपयोग नाही. पाय स्थिर ठेवा, आवाज होऊ द्या, तो ब्रेकचाच आवाज आहे. जिम्नी आणि थारमध्ये ही ब्रेक लावून ताकद पलीकडे ढकलायची सोय मुद्दाम दिलेली आहे. म्हणजे बटणाकडे हात जायच्या आधी खाली उतरून बघा, किती चाकं फिरतायत.

सिंहगडाचा चढ, ओला, वर बारीक खडी, पुढची गाडी थांबली म्हणून तुम्हीही थांबलात. इथे मी चालूच ठेवतो. हिल होल्ड ब्रेक सोडल्यावर दोन सेकंद गाडी धरून ठेवतं, तेवढ्यात हळू क्लच सोडा. तरीही चाक फिरून गाडी अडलीच, तर थोडं मागे येऊन खडी नसलेली जागा पकडा, आणि अगदीच नाही जमलं तर ट्रॅक्शन तेवढ्यापुरतं बंद, चार फूट वर गेलात की चालू.

बीचवर गाडी उतरवायची असेल तर सेटिंगचा प्रश्नच सोडून द्या, उतरवू नका. दिवेआगर, काशीद, सगळीकडे भरतीत अडकलेल्या गाड्या आपण बघतो, दंडही होतो.

हल्ली एसयूव्हींना स्नो, मड, सँड असे मोड येतात. बटणाने ट्रॅक्शन पूर्ण बंद करण्यापेक्षा मला हे जास्त आवडतात, कारण मड मोडमध्ये चाकाला थोडं जास्त फिरू दिलं जातं पण ईएससीचं लक्ष राहतं, तर स्नोमध्ये ॲक्सिलरेटर मवाळ होतो, जो ओल्या गवतावर आणि बुळबुळीत रस्त्यावर कामाला येतो. पण फक्त पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत असा मोड आहे म्हणून ती फोर बाय फोर होत नाही, हे शोरूममध्ये कुणी स्वतःहून सांगत नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर एक जादा गोष्ट. मोटरची ताकद पाय ठेवताक्षणी येते म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल चालू असणं आणखी गरजेचं, शिवाय ॲक्सिलरेटर सोडल्यावर जे रीजन लागतं, म्हणजे मोटरच गाडीला आवरून बॅटरी भरते, ते फक्त मोटरच्या चाकांना धरतं, त्यामुळे धो धो पावसात घाट उतरताना ते सगळ्यात जोरात ठेवू नका, मधलं ठेवा.

जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं काय, असंही विचारतात. ते या बटणाने बंद होत नाही. आणि हे सगळं शेवटी टायरवर अवलंबून आहे, टायर गोटा झाले असतील तर ईएससी पकड कुठून आणणार? कायद्याने खाच किमान १.६ मिलीमीटर लागते, पण पुण्यातून कोकणात पावसाळ्यात जाणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायर पाण्यावर तरंगला तर चारही चाकांची पकड एकदम जाते, तिथे सिस्टिमकडेही धरायला काही उरत नाही. एक्सप्रेसवेवर जोराच्या पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, लावू नका, तेही याच कारणासाठी.

आता ज्यांना गाडी अजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी. बजेटमध्ये एकीकडे सनरूफवाला व्हेरियंट आणि दुसरीकडे ईएससीवाला असेल तर ईएससीवाला घ्या, दुसरा विचार नको, सीटकव्हर आणि स्क्रीन नंतर बाहेरून बसवता येते, ही सिस्टिम नंतर कुठेच बसवून मिळत नाही. २०२४ ची नवीन स्विफ्ट सगळ्या व्हेरियंटमध्ये ईएसपीसकट आली, कुशाक आणि टायगुनमध्येही ती सरसकट आहे, म्हणजे मधल्या बजेटमध्ये आता निवड आहे. पण त्याच मॉडेलच्या जुन्या वर्षांत खालच्या व्हेरियंटला नसू शकते, म्हणून सेकंडहँड घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, तीच गाडी तपासा. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा दिवा लागून विझला पाहिजे. चालवताना लुकलुकला तर सिस्टिम काम करतेय, कायम जळत राहिला आणि ऑफ लिहिलेलं नसेल तर बिघाड आहे, अशा वेळी हिल होल्डही चालत नाही. बॅटरी नुकतीच बदललेली असेल तर कधीकधी स्टेअरिंगचा सेन्सर हुकलेला असतो, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडं सरळ चालवलं की काही गाड्यांत दिवा जातो. पण सिस्टिम असलेल्या गाडीत इग्निशन ऑन केल्यावर दिवा लागलाच नाही, तर कुणीतरी बिघाड लपवलेला असू शकतो, त्या गाडीला स्कॅनर लावून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.