वर्डमधली पॅराग्राफ स्पेसिंग: औषध जालीम आहे, पण कुठल्या कप्प्यात ठेवलंय ते शोधा

मी घरी मराठी टायपिंगची कामं घेते, वकिलांचे कागद, पतसंस्थेचे अहवाल, अधूनमधून कुणाचं पुस्तक, त्यामुळे दिवसातले सात-आठ तास वर्ड समोर उघडंच असतं. माझ्याकडे २०१६ आहे. अख्ख्या वर्डचा रिव्ह्यू लिहायला बसले तर स्वयंपाक राहील, म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहिते, दोन पॅरांच्या मधे आपोआप पडणारी ती मोकळी जागा आणि ती घालवायची जी काय सोय दिलीय ती.

झालं असं की आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सर आहेत, त्यांनी नोकरीतल्या आठवणी वर्षभर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोड्या थोड्या टाकल्या आणि मुलांनी ठरवलं की पुस्तक करायचं. मी सगळं कॉपी-पेस्ट केलं, फाँट लावला, प्रिंट काढून दिली, ११२ पानं. सरांनी चष्मा पुसला, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "अगं, एवढं मी लिहिलंच नाहीये. मधे मधे गुरं चरायला जागा सोडलीस का?" बघते तर खरंच, चार ओळी मजकूर की दोन बोटं पांढरा कागद, परत चार ओळी. छपाईचा हिशोब पानावर असतो हो, चूक माझीच होती.

आता ही जागा जाते कशी. पहिल्यांदा सगळे जे करतात तेच मी केलं, बॅकस्पेस. त्याने काय होतं, एकतर दोन पॅरा एकमेकांना चिकटतात नाहीतर काहीच होत नाही, कारण ती जागा म्हणजे टाइप केलेलं अक्षर नाहीच, ती पॅराग्राफची सेटिंग आहे. वर्ड २००३ पर्यंत नवीन फाइलमध्ये पॅरानंतर शून्य जागा असायची, २००७ पासून १० पॉइंट आली आणि ओळींमधलं अंतर १.१५ झालं, मग २०१३ पासून ८ पॉइंट आणि १.०८. इंग्रजी पत्राला ते छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडे पुस्तकात पॅराची पहिली ओळ आत सरकवतात आणि मधे जागा सोडत नाहीत, तिथे हे डोळ्यात खुपतं.

उपाय सोपा आहे. कंट्रोल+ए, मग होम टॅबवर पॅराग्राफच्या गटात खाली उजव्या कोपऱ्यात एक मुंगीएवढा बाण आहे तो दाबायचा, पेटी उघडते, त्यात बिफोर आणि आफ्टर दोन्ही शून्य, लाइन स्पेसिंग सिंगल. तिथेच 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' दाबून नॉर्मल टेम्प्लेटवरच्या सगळ्या फाइलींसाठी म्हणून सांगितलं की नवीन फाइलला परत परत करायला लागत नाही. डिझाइन टॅबवर 'पॅराग्राफ स्पेसिंग'मध्ये 'नो पॅराग्राफ स्पेस' पण आहे, तेही चालतं, फक्त कुठल्या पॅराला आधी हाताने सेटिंग दिलेली असेल तर तो ऐकत नाही. पेटीत एक टिक पण आहे, एकाच स्टाइलच्या पॅरांमध्ये जागा नको म्हणणारी, यादीसाठी आणि कवितेच्या ओळींसाठी ती मला फार आवडते, कारण यादी संपल्यावर जागा राहते आणि आतल्या ओळी जवळ येतात.

एवढं करून सरांची फाइल ९८ पानांवर आली. म्हणजे अजून काहीतरी होतं.

कंट्रोल+शिफ्ट+८ दाबलं आणि मग खरा प्रकार कळला. हे बटण ज्याला माहीत नाही त्याने वर्डमध्ये काम करूच नये असं माझं मत झालंय. सगळीकडे त्या उलट्या पीसारख्या खुणा दिसायला लागल्या, रिकाम्या ओळीवर एकटी खूण म्हणजे सरांनी तिथे दोनदा एंटर मारलेला. ते घालवायला फाइंड-रिप्लेस, वर कॅरेट पी (^p, म्हणजे एंटरची खूण) दोनदा, खाली एकदा, रिप्लेस ऑल, आणि आकडा शून्य होईपर्यंत परत परत (टेबलाच्या आजूबाजूला कधीकधी एखादा हट्टी उरतो, तो हाताने). पण थांबा, हे करायच्या आधी जिथे मुद्दाम जागा हवीय, म्हणजे प्रसंग बदलतो तिथे, तीन चांदण्या टाकून ठेवा, नाहीतर सगळं एका लायनीत येतं आणि मग सर विचारतात की माझी बदली कुठे गेली.

कुठे कुठे वाकड्या बाणाची खूण पण होती, ती शिफ्ट+एंटरची. ही दिसायला निरुपद्रवी, पण मजकूर जस्टिफाय केला, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, की त्या ओळीतले शब्द ताणून लांब लांब जातात, तीन शब्द अख्ख्या पानभर, जसे काही रुसून बसलेत. त्याला कॅरेट एल (^l) शोधून कॅरेट पी करायचं.

आता जिथे मी वर्डचे मार्क कापणार ते. मंगल फाँट मुळातच उंच ओळ घेतो, सिंगल ठेवलं तरी मोकळं मोकळं दिसतं, आणि लोकांना वाटतं अजून स्पेसिंग राहिलीय. मग कुणीतरी सांगतं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' कर, म्हणजे ओळीची उंची आपण देऊ तेवढीच. मी केलं, १२ च्या अक्षराला १४ पॉइंट, आणि स्क्रीनवर सगळ्या वेलांट्या आणि रफार वरून छाटले गेले, 'कीर्ती'चं काय झालं असेल बघा. अक्षर कापलं जाईल असं वर्ड एका शब्दाने सांगत नाही. शेवटी अंतर २० पॉइंट ठेवलं तेव्हा जमलं. कोकिळा फाँट घेतला तर त्याच आकड्यात अक्षर बारीक दिसतं, साइज वाढवायला लागते, तेही बघून घ्या.

अजून एक, पानाच्या तळाशी अर्धं पान रिकामं राहिलं तर ते स्पेसिंग नसतं. खुणा चालू केल्यावर शीर्षकाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन दिसला की समजा 'कीप विथ नेक्स्ट' (पुढच्या पॅराला धरून ठेव) किंवा तसलंच काहीतरी लागलंय, त्याच पेटीतल्या लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये जाऊन टिक काढा. मी यावर एक अख्खी दुपार घालवलीय.

गूगल डॉक्समध्ये 'रिमूव्ह स्पेस आफ्टर पॅराग्राफ' पटकन सापडतं, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल+एम मारलं की हाताने दिलेली सेटिंग उडते, दोन्ही फुकट. तरी मी वर्डवरच आहे कारण गिऱ्हाईक फाइल वर्डची मागतं.

सोय किती आहे त्याला पाचपैकी साडेचार, सापडते किती त्याला अडीच.

सरांचं पुस्तक ८४ पानांवर आलं. दुसरा भाग परवा घेऊन आले, यावेळी स्वतः वर्डमध्ये टाइप करून, अभिमानाने. उघडून खुणा चालू केल्या तर प्रत्येक पॅराच्या सुरुवातीला आठ आठ ठिपके, स्पेसबार.