डोळ्याच्या पडद्याचा फोटो की थेंब टाकून तपासणी?

बाबांना शुगर आहे, नजर ठणठणीत. नुसत्या फोटोवर भागेल का, असं मैत्रिणीने विचारलं. नजरेवर जाऊ नका, शुगरमुळे पडदा खराब होऊ लागला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

फंडस कॅमेऱ्याचं (पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं) काम पाच-दहा मिनिटांचं, बहुतेकदा बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांशिवाय. एका फोटोत साधारण 45 अंशांचा भाग येतो. केशवाहिन्यांचे फुगवटे, रक्ताचे ठिपके दिसतात आणि पुढच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून ताडता येतो. मोतीबिंदू असला की मात्र सगळं धूसर.

थेंब टाकले की अर्धा तास बसा, नंतर काही तास स्कूटर विसरा. पण डॉक्टरांना पडद्याची कडही दिसते, मधली सूजही.

तक्रार नसेल, तर दरवर्षी फोटो चालेल. मोतीबिंदू, गरोदरपण, अंधुक नजर किंवा फोटोत ठिपके असतील, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.